सभासद कोण होऊ शकतं?

चि. सौ. भाचीस,



तुझा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो, त्यामुळे ‘बरं, बघतो’ एवढंच म्हणालो. घर हाकेच्या अंतरावर असून पत्र का लिहितो आहे, असं तुला वाटेल. तुझ्याकडे येऊन बसलं की पाच माणसं येतात, चहा होतो आणि बोलणं राहून जातं. शिवाय लेखा विभागात जन्म गेलेल्या माणसाला कागदाशिवाय बजेट सांगताच येत नाही.

तू पाठवलेले सहाही अर्ज मोबाइलवर मोठे करकरून वाचले. वाचनालय, तालीम, व्यापारी संघ, बॅडमिंटन क्लब, नाट्यमंडळ आणि ज्येष्ठ नागरिक संघ. सगळ्यांची सुरुवात ‘आपल्या कार्यकुशल नेतृत्वाखाली’ आणि शेवट ‘भरीव अनुदान मिळावे ही नम्र विनंती’. तुला नगरपरिषदेवर निवडून येऊन धड दोन महिने झाले नाहीत, तरी नेतृत्व कार्यकुशल ठरलं. ‘भरीव’ म्हणजे किती, हे मात्र सहापैकी एकानेही लिहिलेलं नाही.

कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही म्हणायचं, असं तू विचारलंस. त्याआधी हे पैसे कुठले ते बघ. अंदाजपत्रकाचा एकूण आकडा कोटींत दिसतो म्हणून नवा नगरसेवक हुरळतो. त्यातला वित्त आयोगाचा बराचसा निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो. योजनेचा पैसा त्या योजनेचा. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली, तिच्या बदल्यात सरकारकडून जे येतं ते पगारात जिरतं. घरपट्टीच्या बिलातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर तर आपला नव्हेच, आपण फक्त वसूल करून सरकारकडे भरायचा. दिव्यांगांचे ५ टक्के बाजूला काढायचे. एवढं सगळं वजा करून जे हाताशी राहतं ते म्हणजे घरपट्टीतला आपला हिस्सा, गाळेभाडं आणि बाजार वसुली. आठवडी बाजारात पोत्यावर कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईकडून सकाळी सकाळी, भवानी व्हायच्या आधी, आपला माणूस पावती फाडतो. संस्थांना जातं ते यातून. तिचा विचार मनात ठेवून अर्ज वाच, म्हणजे ‘भरीव’ हा शब्द टोचायला लागेल.

आधी आपणच जिथे सभासद आहोत त्यांचं उरकू. नगरपरिषद काही बाहेरच्या संस्थांना दरसाल वर्गणी भरते: कुठली परिषद, कुठला संघ, कुठलं मंडळ. या रकमा लहान असतात आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. अशा संस्था वाईट असं माझं म्हणणं नाही. मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून आहे. मी तिथलाच एक अभ्यासक्रम केला आणि नोंदी ठेवायला खऱ्या अर्थाने तेव्हा शिकलो. पण वर्गणी भरायची आणि एकही कारकून प्रशिक्षणाला पाठवायचा नाही, ही आपली रीत. एका गावी आमच्या कचेरीला रंग द्यायचा होता म्हणून स्टीलचं कपाट हलवलं, तर मागे एका संस्थेच्या मासिकाचे गठ्ठे निघाले. तीन वर्षांचे अंक, वेष्टनसुद्धा न फोडलेले, खालच्या थराला वाळवी. त्या तिन्ही वर्षांची वर्गणी मीच काढली होती. तेव्हा विचार एवढंच: गेल्या वर्षी या सभासदत्वाचा उपयोग कुणी केला? त्याचं नाव सांगा. नाव सांगता आलं तर दुप्पट द्या म्हण. नाही आलं तर यंदा कुणाला पाठवणार ते लिहून मागव.

आता मागणाऱ्यांकडे येऊ.

प्रत्येक अर्जाला एकच प्रश्न विचार: तुमचा सभासद कोण होऊ शकतं? कार्य किती थोर आणि मंडळी किती जुनी, हे नंतर. सभासदांनी वर्गणी काढून आपल्यापुरतं काही चालवावं, यात गैर काहीच नाही. उलट आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या गोष्टी तशाच सुरू झाल्या. पण गावाच्या पैशाला हात घातला की गावाला दार उघडलं पाहिजे.

ही अक्कल माझी नव्हे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव करून चवदार तळं खुलं केलं. पण ते कागदावर. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं. हे तू शाळेत शिकलीस. मधला एक टप्पा मात्र कुणी शिकवत नाही. १९२६ च्या ऑगस्टमध्ये बोल्यांनी दुसरा ठराव मांडला होता: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. मी लेखा विभागातला माणूस, मला तोच ठराव जास्त आवडतो. दार उघडत नाही ना, मग चेक थांबवा.

एक प्रसंग सांगतो. गाव आणि संस्था विचारू नकोस. चूक निम्म्याहून जास्त माझी होती.

तिथल्या एका क्लबने बॅडमिंटनच्या हॉलला लाकडी फरशी करायची म्हणून अर्ज दिला. आमचे साहेब रोज संध्याकाळी तिथे खेळायला जात. फाइल माझ्याकडे आली आणि मी टिपणी लिहिली: ‘सदर संस्था शहरातील क्रीडा संस्कृती वृद्धिंगत करीत असल्याने अनुदान देणे उचित वाटते.’ क्लबचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं. फाइल सभेकडे घेऊन जाणारा आमचा शिपाई दारात घुटमळला आणि म्हणाला, “साहेब, मग माझ्या पोराला तिथं खेळता येईल का?” मी म्हटलं, “न यायला काय झालं? जाऊन विचार.” दोन दिवसांनी म्हणाला, “सभासद व्हावं लागतं म्हणाले. त्याला दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात.” मी ऐकून घेतलं. तोवर ठराव झाला होता. टिपणी परत मागवून त्यात दोन ओळी घालणं मला शक्य होतं, ते मी केलं नाही.

काही वर्षांनी स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक आले. एक किडकिडीत तरुण होता, चहासुद्धा घेईना. त्याने क्लबची नियमावली मागवली, वाचली आणि जे शिपायाने विचारलं तेच विचारलं. मग आक्षेप निघाला, की सार्वजनिक उपयोग सिद्ध होत नसल्याने रक्कम वसूलपात्र. त्या परिच्छेदाचं अनुपालन मी दरसाल लिहीत राहिलो, माझ्यानंतरच्याने लिहिलं, तो निवृत्त झाला. फरशी आतापर्यंत उखडलीसुद्धा असेल.

तुझ्याकडच्या सहांत एक क्लब आहेच. त्यांना सरळ नाही म्हणू नकोस. नियमावलीची प्रत माग. सकाळी दोन तास नगरपरिषदेच्या शाळेतल्या मुलांना हॉल देणार का, हे लेखी विचार. ‘हो’ आलं तर पुढे बोलता येईल. उत्तरच आलं नाही, तर विषय आपोआप निकालात निघाला आणि तुझ्यावर वाईटपणाही नाही.

व्यापारी संघाला दिवाळीत पेठेत रोषणाई करायची आहे. पेठ सगळ्यांची, रोषणाई सगळे बघणार, हे मान्य. फक्त त्यांच्या पदाधिकाऱ्यांच्या नावावरच्या गाळ्यांचं थकलेलं भाडं किती, हा कागद वसुली विभागाकडून घेऊन अर्जाला जोड. जास्त बोलावं लागणार नाही. नाट्यमंडळाला रोख कशाला हवी? सभागृहाच्या वर्षातून चार तारखा बिनभाड्याने दे. तालमीत कुणीही येऊन माती अंगाला लावू शकतो, ते मला ठाऊक आहे. मुलींना वेळ ठेवली आहे का, तेवढं विचार. मॅटवर कुस्ती करणाऱ्या मुली आता आपल्या तालुक्यातही आहेत.

वाचनालयाचं मात्र नीट लिहितो, कारण तिथे तू घोळ करण्याची शक्यता आहे. निवडणुकीत तू ‘उधळपट्टी थांबवू’ म्हणालीस. लोकांना ते आवडलं. आता काहीतरी कापून दाखवावं असं तुला वाटणार, आणि कापायला सगळ्यात सोपं वाचनालय. ते भांडत नाहीत, मोर्चा आणत नाहीत. कचऱ्याच्या ठेक्याचा विषय वाचून होईतो मंजूर होतो आणि वाचनालयाच्या चाळीस हजारांवर दोन तास चर्चा रंगते, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की इतिवृत्त लिहिताना हात आपोआप चालायचा. चाळीस हजार म्हणजे किती ते प्रत्येकाला कळतं. ठेक्यातले प्रति टन दर आणि वाहतुकीच्या फेऱ्या कळून घ्यायला रात्रभर बसावं लागतं. तू रात्रभर बस. उधळपट्टी सापडली तर तिथे सापडेल.

वाचनालयही सभासदांचंच, खरं आहे. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. अशी वाचनालयं गावच्या चार शहाण्या माणसांनी उभी केली आणि वर्गणीवर जगवली. पण अनामत भरून कुणीही सभासद होतं, आणि वर्तमानपत्राच्या फळीपाशी तर कुणी विचारतही नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे त्यांना राज्याचं अनुदानही मिळतं, अ, ब, क, ड अशा दर्जाप्रमाणे. सभेत कुणीतरी म्हणणारच, ‘सरकार देतंय की, आपण कशाला?’ त्यावर तुझ्याकडे उत्तर हवं. म्हणून मी परवा दुपारी तीन वाजता तिथे जाऊन बसलो.

वरच्या मजल्यावर बावीस मुलं होती, मी मोजली. त्यांतल्या नऊ मुली. सगळी स्पर्धा परीक्षेवाली. प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची बाटली आणि बाइंडिंग सुटलेलं एकेक पुस्तक. सहा ट्यूबलाइटपैकी तीनच चालू. ग्रंथपालांना विचारलं तर म्हणाले, बिल परवडत नाही, पाच वाजता सगळ्या लावतो. बावीसपैकी सभासद किती? सात. बाकीच्यांना आत बसू देता का? “हाकलणार कुठे? घरी एका खोलीत सहा माणसं असतात त्यांच्या.” हे नियमात नाही, ते आपल्या मनाने करतात. उद्या कार्यकारिणी बदलली तर बंदही होईल. म्हणून पैसे त्यांना द्यायचेच, पण ‘वाचनसंस्कृतीसाठी’ असं मोघम नाही. ठराव साधारण असा घाल:

‘वाचनकक्ष सकाळी ६ ते रात्री १० सर्व नागरिकांस सभासदत्वाशिवाय व विनाशुल्क खुला ठेवण्याच्या अटीवर, वाचनालयाचे प्रत्यक्ष वीजबिल व एका पहारेकऱ्याचे मानधन, पावत्या व दैनिक उपस्थिती नोंदवही सादर केल्यावर, या एका आर्थिक वर्षापुरते दर तिमाहीस अदा करावे.’

‘या एका वर्षापुरते’ हे शब्द कुणी खोडू लागलं तर भांड. आपल्याकडे एकदा दिलेलं अनुदान दुसऱ्या वर्षी प्रथा होतं आणि तिसऱ्या वर्षी हक्क. आणि हे पैसे नगरपरिषद फुकट देत नाही, बदल्यात गावाला अभ्यासिका मिळते. अशी अभ्यासिका आपणच बांधून चालवायची म्हटली तर किती पडेल, याचा अंदाज बांधकाम विभागाकडून घे आणि सभेत शेजारी ठेव.

कागदांचं थोडक्यात. प्रत्येक संस्थेचा धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा ताजा उतारा माग, आणि लेखापरीक्षित ताळेबंद. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो आणि तो कुणी देत नाही. मी एकदा उतारा उघडला तर सात विश्वस्तांपैकी चार कैलासवासी निघाले, आणि अर्जाखाली सही करणाऱ्याचं नावच नव्हतं. पैसे नेमके कुणाला देतो आहोत हे कळायला हवं. मागच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र नसेल तर विषय टिपणीतच थांबवायला सांग.

अनुदानं अंदाजपत्रकात ‘किरकोळ व संकीर्ण’ या शीर्षाखाली लपलेली असतात. वेगळं लेखाशीर्ष माग, संस्थांची नावं आणि रकमा यादीत छापून. आणि अनुदानाचा विषय ऐनवेळचा म्हणून आला तर हात वर करू नकोस, संस्था कितीही चांगली असो. वाचनालयं, व्यायामशाळा ही नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात आवश्यक कामं नाहीत, ऐच्छिक आहेत. नळाला चार दिवसांनी पाणी येत असताना ऐच्छिकावर हात सैल सोडला, तर कुणीतरी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. कलम ३०८ खाली ठराव तहकूब झाला, तर चांगल्या संस्थेचेही पैसे अडकतात.

जावईबापू तालमीच्या कार्यकारिणीत आहेत, हे तू मला सांगितलं नाहीस. मला बाजारात कळलं. तो विषय आला की उठ, अध्यक्षांना कारण सांग, बाहेर जा, आणि तू बाहेर गेलीस हे इतिवृत्तात लिहून घे. नुसतं गप्प बसून राहिलीस तर ‘सर्वानुमते’मध्ये तूही येतेस. घरी अबोला होईल. आठवडाभर टिकतो.

बाकीच्यांचं म्हणशील तर तू एकटी पडशील, यात मला शंका नाही. १८७६ ते १८८२ महात्मा फुले पुणे नगरपालिकेत सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्याच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचं ठरलं, तेव्हा विरोधात मत एकट्या फुल्यांचं पडलं. ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. हे तुझ्यापुरतं लक्षात ठेव. सभागृहात फुल्यांचं नाव घेऊन भाषण करू नकोस. समोरचेही त्यांचंच नाव घेऊन रोषणाई मंजूर करतील. तू फक्त विरोध नोंदवायला सांग, कारणासकट, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ते कारण आलं आहे का ते वाचून बघ. पुष्कळदा गळतं.

रविवारी सकाळी ये. येताना गेल्या तीन वर्षांची अंदाजपत्रकं आण, सुधारित आकड्यांसकट, आणि कचरा ठेक्याची निविदाही. मामीने शेंगदाण्याच्या पोळ्या करायचं ठरवलं आहे.

तुझा,
मामा

ता. क. हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. सहावा अर्ज ज्येष्ठ नागरिक संघाचा आहे, त्याखालची दुसरी सही माझी. मी संघाचा कोषाध्यक्ष आहे. आमची खोली नगरपरिषदेच्याच इमारतीत आहे, नाममात्र भाड्याने. साठीपुढचं कुणीही सभासद होऊ शकतं असं नियमावलीत आहे, पण आमच्याकडे बायका फक्त अकरा आहेत, आणि त्याही हळदीकुंकवाला येतात तेवढ्याच. कॅरमच्या खोलीची किल्ली अध्यक्षांच्या खिशात असते. ते गावाला गेले की कुलूप. अर्जात ‘विरंगुळा केंद्राचे बळकटीकरण’ असं जे लिहिलं आहे त्याचा अर्थ दोन सोफे आणि एक टीव्ही. तो मसुदा मीच केला. आमच्याबद्दल मी वर काही लिहिलेलं नाही, ते तू इतरांना विचारशील तसंच आम्हालाही सभेत विचार. मी प्रेक्षकांत बसलेला असेन.